परदेशी कंपनीबरोबर संयुक्त उपक्रम: महाराष्ट्रातील बांधकाम कंत्राटदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेट्रो, बोगदे, सागरी पूल आणि मोठे जलप्रकल्प यांच्या निविदांसाठी परदेशी कंपनीशी हातमिळवणी करू पाहणाऱ्या मध्यम आकाराच्या कंत्राटदारांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. दोन प्रश्न एकमेकांशी जोडलेले असतील तेथे संबंधित प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. निविदेतील अट आणि येथील उत्तर यांत फरक आढळल्यास निविदेतील अटच प्रमाण मानावी.

१. संयुक्त उपक्रम करायचा म्हणजे नवीन कंपनी काढावी लागते का?

नेहमी नाही. बांधकामाच्या कंत्राटांत बहुतेक वेळा दोन किंवा अधिक कंपन्या केवळ कराराने एकत्र येतात. त्या उपक्रमाच्या नावाने निविदा भरली जाते, पॅन घेतला जातो, बँकेत स्वतंत्र खाते उघडले जाते; कंपनी कायद्याखाली नोंदणी मात्र होत नाही. याउलट बीओटी (बांधा-वापरा-हस्तांतरित करा) किंवा हायब्रिड अॅन्युइटीसारख्या प्रकल्पांत, जेथे कंत्राटदाराला स्वतः भांडवल घालून पुढे वर्षानुवर्षे वसुली करायची असते, तेथे कंपनी कायदा, २०१३ खाली विशेष हेतू कंपनी स्थापन करण्याची अट असते. पुढील उत्तरे मुख्यतः पहिल्या, म्हणजे कराराने बनणाऱ्या, उपक्रमांविषयी आहेत.

२. संयुक्त उपक्रम, कन्सॉर्शियम आणि उपकंत्राट यांत व्यवहारात काय फरक पडतो?

उपकंत्राटदाराचा काम देणाऱ्या संस्थेशी थेट करार नसतो. त्याचा पैसा आणि त्याची जबाबदारी दोन्ही मुख्य कंत्राटदारापुरती मर्यादित राहतात. कन्सॉर्शियममध्ये सर्व सदस्य संस्थेसमोर उभे असतात, पण प्रत्येकाचे काम वेगळे कापून दिलेले असते आणि नफा-तोटा ज्याचा त्याचा असतो. एकत्रित संयुक्त उपक्रमात माणसे, यंत्रे आणि पैसा एका व्यवस्थापनाखाली येतात व नफा-तोटा ठरलेल्या हिश्श्याने वाटला जातो. निविदांमध्ये ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात, म्हणून शीर्षकावर न जाता कामाची आणि पैशाची विभागणी कशी केली आहे ते पाहावे. याच विभागणीवर पुढे कराचा प्रश्नही अवलंबून असतो (प्रश्न ११).

३. एवढ्या मोठ्या परदेशी कंपनीला आमच्यासारख्या कंपनीची गरज कशासाठी असते?

मुंबई मेट्रोच्या कुलाबा ते सीप्झ या ३३.५ किलोमीटरच्या भूमिगत मार्गाचे उदाहरण घ्या. त्याची सातही बांधकाम पॅकेजेस संयुक्त उपक्रमांना मिळाली: लार्सन अँड टुब्रो आणि शांघायची एसटीईसी; हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी (एचसीसी) आणि मॉस्कोची मॉस्मेट्रोस्ट्रॉय; तुर्कस्तानची दोगुश आणि भारताची सोमा; तैवानची कॉन्टिनेंटल इंजिनिअरिंग, आयटीडी सिमेंटेशन आणि टाटा प्रोजेक्ट्स; जे. कुमार आणि चायना रेल्वे टनेल ग्रुप. पुणे मेट्रोचा भूमिगत भाग तुर्कस्तानच्या गुलेरमाक आणि टाटा प्रोजेक्ट्स यांनी केला. परदेशी सदस्याकडे टीबीएम (बोगदा खोदणारे यंत्र) चालवण्याचा आणि भूमिगत स्थानकांचा अनुभव होता. भारतीय सदस्याकडे मनुष्यबळ, माल पुरवणाऱ्यांचे जाळे, महापालिका, वाहतूक पोलीस आणि वीज कंपनी यांच्याशी रोजचे व्यवहार हाताळण्याची सवय आणि येथील बँकांतील पत होती.

आपल्याकडे यांपैकी नेमके काय आहे, ते बोलणी सुरू होण्यापूर्वी कागदावर लिहून काढावे. 'स्थानिक ओळखी' एवढेच भांडवल असेल तर परदेशी कंपनी पहिल्या प्रकल्पापुरती बरोबर राहील आणि दुसऱ्या वेळी स्वतःची भारतीय उपकंपनी घेऊन येईल.

४. आमची कंपनी अशा उपक्रमासाठी तयार आहे का, हे कसे ओळखावे?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि त्याचे उत्तर उलाढालीच्या आकड्यात सापडत नाही. शेकडो कोटींची उलाढाल असूनही तयार नसलेल्या कंपन्या पुष्कळ आहेत.

पहिली कसोटी बँकेची आहे. निधीबाह्य मर्यादेत, म्हणजे बँक हमी आणि पतपत्रांसाठीच्या मर्यादेत, आज किती जागा शिल्लक आहे आणि चालू कामांच्या हमी केव्हा सुटणार आहेत, हे आकड्यांत सांगता आले पाहिजे (हिशेबासाठी प्रश्न ९ पाहावा).

दुसरी कसोटी पत्रव्यवहाराची आहे. जागतिक बँक, आशियाई विकास बँक किंवा जायका (जपानची सरकारी साहाय्य संस्था) यांच्या अर्थसाहाय्याच्या कामांत करार बहुधा फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना करारांच्या धर्तीवर असतो. त्यात मुदतवाढ किंवा जादा खर्चाच्या दाव्याची सूचना, घटना कळल्यापासून २८ दिवसांत देणे बंधनकारक असते. सूचना दिली नाही तर दावा कितीही रास्त असला तरी तो गमावण्याची वेळ येते. आपल्याकडे मात्र 'साहेबांशी बोलणे झाले आहे, पत्र नंतर देऊ' ही रीत आहे. परदेशी सदस्याचा करार व्यवस्थापक रोज पत्र लिहितो. त्यातली काही पत्रे आपल्याविरुद्धही असतात. त्या पत्रांना त्याच आठवड्यात, मुद्देसूद आणि दाखल्यांसह उत्तर देणारा माणूस साइटवर नसेल तर कंपनी तयार नाही.

तिसरी कसोटी हिशेबाची. खर्च प्रकल्पनिहाय आणि कामाच्या घटकानुसार दर महिन्याला बंद होतो का? एका साइटचे सिमेंट दुसऱ्या साइटवर गेले तर त्याची नोंद होते का? संयुक्त उपक्रमात एकमेकांना लावलेला प्रत्येक रुपया तपासला जातो आणि वर्षअखेरीस बसवलेले हिशेब तेथे टिकत नाहीत.

चौथी कसोटी निर्णयाच्या अधिकाराची आहे, आणि माझ्या मते बहुतेक कंपन्या येथेच अडखळतात. मालकाच्या फोनवर चालणारी साइट एका कंपनीत चालून जाते. उपक्रमाच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मात्र समोरचा प्रतिनिधी ठराविक रकमेपर्यंतचे निर्णय जागेवर घेतो, आणि आपला प्रतिनिधी प्रत्येक मुद्द्यावर 'विचारून सांगतो' म्हणत राहिला तर तीन बैठकांनंतर त्याला कोणी विचारीत नाही. अधिकार हळूहळू प्रमुख भागीदाराकडे सरकतात आणि आपण हिस्सेदार असूनही प्रत्यक्षात उपकंत्राटदार होऊन बसतो.

सुरक्षा आणि गुणवत्ता यांची प्रमाणपत्रे बहुतेकांकडे असतात. ती भिंतीवर आहेत की साइटवर, हे परदेशी भागीदाराला पहिल्याच भेटीत कळते.

५. आमचा बोगद्याचा अनुभव शून्य आहे. भागीदाराच्या अनुभवावर आम्ही पात्र ठरू का?

तत्त्वतः होय. न्यू होरायझन्स विरुद्ध भारत सरकार या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने संयुक्त उपक्रमाचा अनुभव म्हणजे त्याच्या घटक कंपन्यांचा अनुभव, असे मानले. तरीही निविदेत प्रत्येक सदस्यासाठी किमान अट असू शकते. बहुपक्षीय बँकांच्या निविदांत आर्थिक निकषांपैकी प्रत्येक सदस्याने २५ टक्के आणि किमान एका सदस्याने ४० टक्के पूर्ण करावेत, अशा स्वरूपाची अट अनेकदा आढळते. विशिष्ट कामाचा अनुभव, जसे टीबीएमने केलेला बोगदा, बहुधा एकाच सदस्याकडे पूर्णपणे असावा लागतो. दोघांचे अर्धे-अर्धे अनुभव जोडून चालत नाहीत.

काम पूर्ण झाल्यावर मिळणारा अनुभव सामान्यतः हिश्श्याच्या प्रमाणात मोजला जातो. म्हणून १० टक्के हिस्सा घेऊन 'अनुभव तरी मिळेल' अशी आशा धरणाऱ्यांनी पुढच्या निविदेतली मोजणी आधी करून पाहावी.

६. परदेशी भागीदाराची चौकशी कशी करावी? त्यांचे सादरीकरण तर फार प्रभावी होते.

सादरीकरण मूळ कंपनीचे असते आणि सही अनेकदा तिच्या एखाद्या लहान उपकंपनीची असते. म्हणून सर्वप्रथम सही कोण करणार ते विचारावे, आणि उपकंपनी असेल तर मूळ कंपनीची हमी लेखी मागावी. त्यानंतर गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, चालू असलेले लवाद आणि सध्या हातात असलेली कामे पाहावीत. सांगितलेल्या प्रकल्पांपैकी एखाद्या ठिकाणच्या स्थानिक भागीदाराशी थेट बोलावे. तासाभराच्या त्या बोलण्यातून ताळेबंदात न दिसणाऱ्या गोष्टी कळतात.

बहिष्कृत कंपन्यांच्या याद्याही तपासाव्यात. जागतिक बँक, आशियाई विकास बँक, आफ्रिकी विकास बँक, युरोपीय पुनर्रचना व विकास बँक आणि आंतर-अमेरिकी विकास बँक यांनी एप्रिल २०१० मध्ये परस्पर करार केला आहे. एका बँकेने एक वर्षाहून अधिक काळासाठी बाद ठरवलेली कंपनी सर्वसाधारणपणे इतरांकडेही बाद ठरते. भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतील कंपन्यांसाठी प्रश्न १५ पाहावा.

७. निविदा भरण्यापुरता समजुतीचा करार पुरेसा आहे का? सविस्तर करार काम मिळाल्यावर करू.

असे करू नये. काम मिळाल्याचे पत्र हाती पडले की दोन्ही बाजूंची भाषा बदलते आणि ज्याच्याकडे पात्रता आहे त्याचे पारडे जड होते. निविदेपूर्वीच्या करारात निदान पुढील बाबी पक्क्या असाव्यात: कामाची विभागणी किंवा नफ्याचा हिस्सा, बँक हमी कोणी किती द्यायच्या, खेळते भांडवल कमी पडल्यास ते कोणी व किती दिवसांत भरायचे, यंत्रांचे भाडे कोणत्या दराने लावायचे आणि मुख्य कार्यालयाचा खर्च उपक्रमावर किती टाकायचा.

शेवटच्या दोन बाबींकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, आणि नफा बहुतेक वेळा तेथूनच बाहेर जातो. परदेशी भागीदार स्वतःचे टीबीएम उपक्रमाला भाड्याने देतो, स्वतःच्या अभियंत्यांचा मासिक दर लावतो, डिझाइनचे शुल्क आपल्याच समूहातील कंपनीला देतो. मग उपक्रमाला तोटा झाला तरी त्याची वसुली आधीच झालेली असते. यात बेकायदा काही नसते. आपले डंपर, क्रेन आणि बॅचिंग प्लांट मात्र आपण 'घरचेच' म्हणून नाममात्र दराने देतो. दोन्ही बाजूंच्या यंत्रांसाठी एकच दरसूची करारास जोडावी आणि संबंधित कंपन्यांशी होणाऱ्या प्रत्येक व्यवहाराला दोन्ही सदस्यांची मंजुरी आवश्यक ठेवावी.

८. आमचा हिस्सा २६ टक्के आहे. मग जबाबदारीही २६ टक्केच ना?

नाही. जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक निविदेत संयुक्त आणि पृथक दायित्वाची अट असते. फिडिकच्या करारात ती कलम १.१४ मध्ये आहे. तिचा अर्थ असा की काम देणारी संस्था संपूर्ण कामासाठी कोणत्याही एका सदस्याला जबाबदार धरू शकते. २६ टक्के हा आकडा फक्त सदस्यांच्या आपसांतील हिशेबापुरता असतो. भागीदार हात वर करून मायदेशी गेला तर उरलेल्या ७४ टक्क्यांसाठी संस्था आपल्याच दारात येईल आणि ती रक्कम आपल्याला त्याच्याकडून, बहुधा परदेशातील न्यायालयामार्फत, वसूल करावी लागेल. म्हणून आपसांतील करारात परस्पर भरपाईचे कलम आणि त्यामागे भागीदाराची बँक हमी हवी. नुसत्या कलमाचा उपयोग फारसा होत नाही.

९. बँक हमींचा भार नेमका किती पडतो?

समजण्यासाठी काल्पनिक उदाहरण घेऊ. काम ५०० कोटींचे आणि आपला हिस्सा ४० टक्के. कार्यपूर्ती हमी ५ टक्के धरली तर ती २५ कोटींची होते. मोबिलायझेशन अॅडव्हान्स, म्हणजे काम सुरू करण्यासाठी मिळणारी आगाऊ रक्कम, १० टक्के आणि त्यावर ११० टक्क्यांची हमी मागितली तर आणखी ५५ कोटी लागतात. दोन्ही मिळून ८० कोटी, म्हणजे आपल्या वाट्याला ३२ कोटींच्या हमी. बँकेने १५ टक्के मार्जिन मागितले तर ४ कोटी ८० लाख रुपये मुदत ठेवीत अडकतील, आणि त्यावरचे कमिशन दरवर्षी वेगळे. बयाणा रकमेची हमी, तसेच बिलांतून कापल्या जाणाऱ्या अनामतीच्या बदल्यात दिलेली हमी यात धरलेली नाही. काम रखडले की या सर्व हमी वाढवत न्याव्या लागतात, आणि मोठी भूमिगत कामे रखडत नाहीत असे अनुभव सांगत नाही.

काम देणाऱ्या संस्थेला बहुधा भारतातील शेड्युल्ड बँकेची हमी हवी असते. परदेशी सदस्याची मायदेशातील बँक मग येथील बँकेच्या नावे प्रतिहमी देते आणि येथील बँक मूळ हमी काढते. या साखळीला वेळ लागतो. तो वेळ न मोजल्यामुळे अखेरच्या आठवड्यात 'तुम्हीच आमच्या वाट्याची हमी तात्पुरती द्या' अशी विनंती येते. ती मान्य केली की ती हमी क्वचितच तात्पुरती राहते.

१०. प्रमुख भागीदार कोणी व्हावे?

बहुतेकदा हे निविदाच ठरवते. जपानच्या स्टेप प्रकारच्या कर्जावरील प्रकल्पांत मुख्य कंत्राटदार जपानी असावा लागतो, म्हणून संयुक्त उपक्रमात प्रमुख भागीदार जपानी कंपनीच असते. वस्तू व सेवांचा किमान ३० टक्के भागही जपानचा असावा लागतो. जेथे निवड आपल्या हाती आहे तेथे पदाच्या मानापेक्षा दोन अधिकारांचा विचार करावा: संस्थेकडून आलेला पैसा प्रथम कोणाच्या सहीने हलतो आणि मतभेद झाल्यास काम कोणाच्या सूचनेने चालू राहते. बँक खाते दोघांच्या सहीचे असावे. समितीत मते समसमान पडली तर विषय दोन्ही कंपन्यांच्या अध्यक्षांकडे आणि तेथून ठराविक दिवसांत तटस्थ तज्ज्ञाकडे जावा.

११. प्राप्तिकराच्या दृष्टीने उपक्रम ही वेगळी व्यक्ती मानली जाते का?

मानली जाऊ शकते, आणि ते महाग पडू शकते. उपक्रम 'असोसिएशन ऑफ पर्सन्स', म्हणजे एकत्र येऊन उत्पन्न मिळवणारा व्यक्तींचा समूह, ठरला तर त्याच्या उत्पन्नावर उपक्रमाच्याच पातळीवर कर लागतो. हिस्से निश्चित नसतील तर सर्वोच्च दर लागतो, आणि परदेशी कंपनीच्या वाट्यावर तिचा चढा दर लागू शकतो. परदेशी कंपन्यांचा मूळ दर सध्या ३५ टक्के आहे, तर भारतीय कंपनीला सवलती सोडून २२ टक्क्यांचा पर्याय असतो. अधिभार व उपकर दोन्हींवर वेगळे.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ७ मार्च २०१६ च्या परिपत्रक क्रमांक ७ मध्ये ईपीसी (डिझाइन, खरेदी व बांधकाम एकत्र) आणि टर्नकी (पूर्ण करून ताब्यात देण्याच्या) कंत्राटांतील कन्सॉर्शियम केव्हा असोसिएशन मानले जाणार नाही ते सांगितले आहे. त्याचे चार निकष असे: प्रत्येक सदस्य आपल्या वाट्याचे काम स्वतःच्या साधनांनी करतो आणि कामाची व खर्चाची विभागणी स्पष्ट आहे. प्रत्येकाचा नफा किंवा तोटा त्याच्याच कामातून येतो. माणसे आणि साहित्य त्याच्याच जोखमीवर व नियंत्रणात आहे. व्यवस्थापन एकत्रित नसून फक्त समन्वयापुरते सामाईक आहे. सदस्य परस्परसंबंधित कंपन्या असतील तर ही सवलत नाही. संस्थेसमोर संयुक्त दायित्व स्वीकारले एवढ्यावरून असोसिएशन ठरत नाही, असा दिल्ली उच्च न्यायालयाच्या २०१४ च्या लिंडे प्रकरणातील निकालाचा रोख आहे.

कागदावर विभागणी आणि साइटवर सर्व एकत्र, असे असेल तर कर अधिकारी साइट पाहतो. म्हणून कामाची रचना आधी ठरवावी आणि करार तिच्याप्रमाणे लिहावा. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत. जुने मसुदे जसेच्या तसे वापरू नयेत.

१२. जीएसटीसाठी उपक्रमाची वेगळी नोंदणी लागते का?

उपक्रमाच्या नावाने बिल जाणार असेल तर होय. त्यानंतर सदस्याने उपक्रमाला दिलेली यंत्रे, मनुष्यबळ किंवा उपकंत्राटाचे काम हा दोन वेगळ्या व्यक्तींमधला व्यवहार ठरतो आणि त्याचे रीतसर बिल लागते. प्रश्न ७ मधील दरसूची येथेही उपयोगी पडते.

१३. परदेशी भागीदाराला भारतात कंपनी काढावी लागेल का?

सहसा प्रकल्प कार्यालय पुरते. भारतीय कंपनीकडून कंत्राट मिळाले असेल आणि प्रकल्पाचा पैसा परदेशातून थेट येणार असेल, किंवा द्विपक्षीय अथवा बहुपक्षीय वित्तसंस्थेचा असेल, किंवा प्रकल्पाला सक्षम प्राधिकरणाची मंजुरी असेल, किंवा काम देणाऱ्या कंपनीला त्यासाठी भारतीय बँकेचे अथवा वित्तसंस्थेचे मुदत कर्ज मिळाले असेल, तर रिझर्व्ह बँकेची सर्वसाधारण परवानगी लागू होते. काही शेजारी देशांसाठी पूर्वपरवानगीचे नियम वेगळे आहेत.

त्या कंपनीचे भारतात कायमस्वरूपी आस्थापन, म्हणजे येथे कर लागण्याजोगे व्यवसायाचे ठिकाण, होते की नाही, हे त्या देशाबरोबरच्या दुहेरी कर टाळण्याच्या करारावर ठरते. बांधकामाच्या जागेसाठी जपानबरोबरच्या करारात मर्यादा सहा महिन्यांची आहे, तर सिंगापूरबरोबरच्या करारात ती एका आर्थिक वर्षात १८३ दिवसांची आहे. मोठे बांधकाम ही मर्यादा ओलांडतेच, त्यामुळे त्यांचा कर शून्य धरून दर भरू नये. परदेशी अभियंत्यांना नोकरीचा व्हिसा लागतो, त्यांचा वार्षिक पगार सामान्यतः १६ लाख २५ हजार रुपयांहून अधिक असावा लागतो, आणि १८० दिवसांहून अधिक मुक्कामासाठी एफआरआरओकडे (परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे) नोंदणी करावी लागते.

१४. तंत्रज्ञान खरोखर मिळते का, की ते सगळे बरोबर घेऊन जातात?

मागितले नाही तर घेऊन जातात. मिळवता मात्र येते. दिल्ली मेट्रोच्या पहिल्या टप्प्यातील भूमिगत कामांत एचसीसी आणि लार्सन अँड टुब्रो या कंपन्या जपानी, स्वीडिश, जर्मन व कोरियन कंपन्यांबरोबर होत्या. हे मार्ग २००४-०५ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या अॅफकॉन्सने कोलकात्यात हुगळी नदीखालच्या मेट्रो बोगद्याचे काम रशियाच्या ट्रान्सटनेलस्ट्रॉयबरोबर केले. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या २१ किलोमीटर बोगद्याचे काम, ज्यात सुमारे ७ किलोमीटर ठाणे खाडीखाली आहेत, अॅफकॉन्स आता एकटी करीत आहे. अटल सेतूच्या पहिल्या पॅकेजमध्ये लार्सन अँड टुब्रोबरोबर जपानची आयएचआय होती आणि लांब गाळ्यांसाठी ऑर्थोट्रॉपिक स्टील डेक, म्हणजे पुलाचे वजनाने हलके पोलादी पृष्ठभाग, वापरले गेले.

यासाठी करारात 'ज्ञानाची देवाणघेवाण केली जाईल' असे वाक्य घालून काही होत नाही. परदेशी सदस्याच्या प्रत्येक प्रमुख पदाखाली, म्हणजे टीबीएम व्यवस्थापक, डिझाइन समन्वयक, सेगमेंट यार्ड (बोगद्याच्या अस्तराचे काँक्रीट तुकडे बनवण्याची जागा) प्रमुख आणि सर्वेक्षण प्रमुख यांच्या हाताखाली, आपला नामनिर्देशित अभियंता ठेवावा आणि ठराविक काळानंतर पद त्याच्याकडे येईल असे वेळापत्रक जोडावे. हे अभियंते प्रकल्प संपताच दुसरीकडे जाऊ नयेत याचीही सोय करावी. मिळवलेले तंत्रज्ञान माणसांच्या डोक्यात असते आणि ती माणसे गेली की काहीच उरत नाही.

१५. चिनी कंपनीचा दर सर्वांत कमी आहे. मुंबई मेट्रोत त्या होत्या, मग आता अडचण काय?

ती कंत्राटे २०१६ मधील आहेत. वित्त मंत्रालयाच्या २३ जुलै २०२० च्या आदेशाने भारताच्या भूसीमेला लागून असलेल्या देशांतील बोलीदारांना सक्षम प्राधिकरणाकडे आधी नोंदणी करणे बंधनकारक केले. उपक्रमातील एक सदस्य जरी अशा देशातील असला तरी अट लागू होते, नोंदणी नसलेल्या अशा कंत्राटदाराला उपकंत्राटही देता येत नाही, आणि कंपनी दुसऱ्या देशात नोंदलेली असली तरी तिचा अंतिम लाभार्थी मालक पाहिला जातो. भारताने कर्जसाहाय्य दिलेल्या देशांना यातून वगळले आहे. गुंतवणुकीसाठीचे निर्बंध वेगळे आहेत. ते १७ एप्रिल २०२० च्या प्रेस नोट ३ पासून लागू झाले. हे धोरण बदलू शकते, म्हणून बोली भरण्याच्या तारखेला लागू असलेला आदेशच पाहावा.

१६. भागीदाराने मध्येच काम सोडले तर?

सदस्य बदलण्यासाठी किंवा वगळण्यासाठी काम देणाऱ्या संस्थेची पूर्वसंमती लागते, आणि संमती मिळेपर्यंत संपूर्ण जबाबदारी उरलेल्यावर येते (प्रश्न ८). चेन्नई मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात एका भारतीय-रशियन उपक्रमाचे भूमिगत काम अर्धवट राहिले, कंत्राट रद्द झाले आणि उरलेले काम इतरांना द्यावे लागले. अशा वेळेसाठी करारात तीन गोष्टी हव्यात: कसूर करणाऱ्या सदस्याचा हिस्सा आपोआप कमी होणे, त्याची साइटवरील यंत्रे काम संपेपर्यंत न हलवणे, आणि डिझाइन व सॉफ्टवेअर वापरण्याचा अधिकार चालू राहणे. शेवटची अट विसरली तर यंत्र जमिनीखाली आणि त्याचे नियंत्रण परदेशातल्या सर्व्हरवर, अशी स्थिती येऊ शकते.

भागीदार भारतीय असून दिवाळखोरीत गेला तर दिवाळखोरी कायद्याखालील स्थगिती (त्याच्याविरुद्धची वसुली व दावे थांबवणारा आदेश) त्याला संरक्षण देते, आपल्याला नाही. स्थगितीच्या काळातही कार्यपूर्ती हमी वटवता येते.

१७. भागीदार परदेशी आहे, म्हणजे आमचा लवाद आंतरराष्ट्रीय ठरेल ना?

अपरिहार्यपणे नाही. मुंबई मोनोरेलच्या कंत्राटात लार्सन अँड टुब्रो आणि मलेशियाची स्कोमी यांनी एमएमआरडीएविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लवाद नेमण्याची मागणी केली होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने ठरवले की कन्सॉर्शियम ही एक संघटना आहे, तिचे केंद्रीय व्यवस्थापन व नियंत्रण भारतात आहे, त्यामुळे हा आंतरराष्ट्रीय व्यापारी लवाद नाही. परिणाम तांत्रिक वाटले तरी मोठे आहेत: लवादाची नेमणूक सर्वोच्च न्यायालयाऐवजी उच्च न्यायालयाकडे जाते, निवाड्यासाठी बारा महिन्यांची कायदेशीर मुदत लागू होते आणि निवाड्यातील उघड बेकायदेशीरपणा हे आव्हानाचे कारण उपलब्ध होते. सदस्यांमधील आपसांतील वादाची गोष्ट वेगळी. तेथे एक पक्ष थेट परदेशी कंपनी असते.

लवादाचे कलम असेलच असेही गृहीत धरू नये. वित्त मंत्रालयाच्या ३ जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार केंद्र सरकारच्या खरेदी करारांत लवाद सामान्यतः १० कोटी रुपयांपेक्षा कमी रकमेच्या वादांपुरता मर्यादित ठेवायचा आहे.

१८. एकाच निविदेत आम्ही दोन वेगवेगळ्या उपक्रमांत राहू शकतो का? आणि स्पर्धकाबरोबर उपक्रम केला तर स्पर्धा कायद्याचा भंग होतो का?

पहिल्याचे उत्तर जवळजवळ नेहमीच नकारार्थी आहे. दोन्ही बोली बाद होतात. दुसऱ्याबाबत, स्पर्धा कायद्याच्या कलम ३(३) च्या परंतुकात कार्यक्षमता वाढवणाऱ्या संयुक्त उपक्रमांना सवलत आहे. प्रत्येक सदस्य एकट्याने पात्र असताना केवळ स्पर्धा टाळण्यासाठी एकत्र आल्याचे दिसले तर तिचा आधार डळमळीत होतो. एकट्याने हे काम का करता येत नव्हते, याची टिपण्णी निविदेच्या वेळीच तयार करून ठेवावी.

१९. आम्हालाच आफ्रिकेत किंवा शेजारी देशात जायचे असेल तर?

तेव्हा भूमिका उलट होतात: आपण परदेशी सदस्य आणि तेथील कंपनी स्थानिक. अॅफकॉन्सने घानातील तेमा-मपाकदान रेल्वे आणि लार्सन अँड टुब्रोने मॉरिशसची मेट्रो केली, पण मध्यम कंपनीने सुरुवात एक्झिम बँकेच्या पतरेषेवरील, म्हणजे तिने त्या देशाला मंजूर केलेल्या कर्जावरील, कामांपासून करावी. त्यांत सर्वसाधारणपणे ७५ टक्के वस्तू व सेवा भारतातून न्याव्या लागतात, त्यामुळे स्पर्धक भारतीयच असतात आणि पैसा भारतीय बँकेतून येतो. इतर निधीच्या कामांत ईसीजीसी या सरकारी निर्यात पतविमा कंपनीचे संरक्षण आधी पाहावे. प्रश्न ६ आणि ७ मधील सल्ला तेथील स्थानिक भागीदार आपल्याविरुद्ध वापरणार आहे, हे गृहीत धरूनच बोलणी करावीत.

२०. काम पूर्ण झाले, बिले आली. आता उपक्रम बंद करू का?

दोषदायित्वाचा, म्हणजे कामातील दोष स्वखर्चाने दुरुस्त करण्याचा, कालावधी संपेपर्यंत, शेवटची हमी परत मिळेपर्यंत आणि कर व जीएसटीचे परतावे व दावे निकाली निघेपर्यंत नाही. परदेशी सदस्य बहुधा त्याआधीच प्रकल्प कार्यालय बंद करून शिल्लक रक्कम मायदेशी नेऊ इच्छितो. त्याला ना-हरकत देण्यापूर्वी दुरुस्तीसाठी आणि अपिलात असलेल्या करासाठी त्याच्या हिश्श्याची रक्कम संयुक्त खात्यात ठेवून घ्यावी, अनुभवाच्या दाखल्यावर प्रत्येक सदस्याचा हिस्सा आणि त्याने प्रत्यक्ष केलेले काम नमूद करून घ्यावे, आणि उपक्रमाच्या दप्तराच्या मूळ प्रती भारतातच ठेवाव्यात.